चौदा लिफ्टचं जहाज

माझ्या थोरल्या मावशीनं पंचवीस वर्षं लोकांना जहाजावर चढवलं आणि स्वतः कधी साध्या नावेत पाय ठेवला नाही. कुणी टोकलं की म्हणायची, "न्हावी स्वतःचे केस कापतो का?" यावर तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "पण दुसऱ्या न्हाव्याकडून कापून तर घेतो!"

ती एका प्रवास कंपनीत होती. ऑफिस पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत विमानाची तिकिटं, आतल्या खोलीत मावशी आणि तिची जहाजं. तिच्याकडे फक्त उंची सागरी सहली असत. येणारी जोडपी साठीच्या आसपासची, मुलं मार्गी लागलेली, गुडघे कुरकुरत का होईना पण चालणारे. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच. लहान जहाज घ्यावं की मोठं?

वाटतो तितका सोपा नाही हा प्रश्न. एका कंपनीचं जहाज दीडशे प्रवाशांचं. एकच जेवणघर, एकच लिफ्ट, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढपी तुम्हाला नावानं हाक मारणार. मोठ्या जहाजांना जिथं तोंडही खुपसता येत नाही अशा बंदरांत हे अलगद शिरणार. दुसऱ्या कंपनीचं जहाज बाराशेंचं. सात जेवणघरं, नाट्यगृह, दवाखाना, चौदा लिफ्ट. थाट दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की लहानावर तुम्ही कोण ते सगळ्यांना कळतं, मोठ्यावर कुणालाच कळत नाही. "आणि आपल्याला यातलं काय हवंय हे लोकांचं लोकांनाच ठाऊक नसतं," मावशी म्हणायची. "ते मी शोधून द्यायचं."

शोधायची तिची एक रीत होती. काकांनी तिच्या खोलीतल्या फरशीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी दोन चौकोन आखून दिले होते. निळा लहान जहाजावरच्या खोलीचा, लाल मोठ्यावरच्या. पलंग कुठं, न्हाणीचं दार कुठं, सगळं मापात. काका लिफ्टचे मेकॅनिक, त्यांना बोटभर फरक खपत नसे. जोडप्याला चौकोनात उभं करायचं, एक साधासा प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं की गप्प बसायचं. नुसतं गप्प. पेन खाली, हात मांडीवर.

"पहिलं उत्तर शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी असतं," ती सांगायची. "दुसरं स्वतःचं. मधे जी शांतता असते ना, तेवढ्याचाच मला पगार मिळतो."

सुट्टीत मी तिच्याकडे राहायला असले की काचेच्या पार्टिशनपलीकडे बसून ऐकायचे. एकदा एक डोळ्यांचे डॉक्टर आले होते, सपत्नीक. मावशीनं विचारलं, "तुम्हाला माणसांत मिसळायला आवडतं का?"

"म्हणजे काय! माणसांशिवाय आम्ही राहूच शकत नाही."

मावशी गप्प.

"अर्थात... संध्याकाळी."

मावशी गप्प.

"जेवताना नकोत हं. जेवताना माणूस कसा मोकळा असावा."

मावशी गप्प. घड्याळ टिकटिक करतंय.

"आणि सकाळी म्हणाल तर..." एवढ्यात डॉक्टरीणबाईंचा बांध फुटला. "अहो, सरळ सांगा ना, सकाळी तुम्हाला मीसुद्धा डोळ्यांसमोर नको असते!"

मोठं जहाज. लाल चौकोन. विषय संपला.

घरी येऊन मी हे सगळं करून दाखवायचे, डॉक्टरांच्या घशातल्या 'अर्थात'सकट. काका पोट धरून हसायचे. त्यांनीच माझं नाव पोपट ठेवलं होतं. मी त्यांचीही नक्कल करायचे, त्यांच्या देखत. काकांचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. आधी दोनदा खाकरणार, मग "तर मंडळी!" म्हणणार, मग समोर मंडळी म्हणून एकटी मावशी असली तरी अर्धा तास थांबणार नाहीत. एकदा मी त्यांच्या आवाजात मावशीला फोन करून सांगितलं, "अगं, तीन पाहुणे जेवायला आणतोय." तिनं खरंच कणीक वाढवली. नंतर पंधरा दिवस मला त्या घरात चहा मिळाला नाही. पण काकांनी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली.

बोलणं हे त्यांचं हत्यारच होतं. लिफ्ट मधेच अडकली की दाराच्या फटीला तोंड लावून ते आधी आतल्या माणसांशी गप्पा सुरू करायचे. नाव काय, गाव कुठलं, मुलगी कितवीत. "अडकलेल्याला आधी बोलतं करायचं, मग तारेला हात लावायचा," हा त्यांचा नियम. शहरातल्या निम्म्या इमारतींत त्यांच्या ओळखी अशाच झालेल्या. आणि यावरून त्यांचा एक ठरलेला विनोद होता, तो आम्ही शंभर वेळा ऐकला असेल. "लिफ्ट बंद पडली की मगच माणसं बोलतात. चालू लिफ्टमध्ये बघा! साहेब असो, झाडूवाली असो, सगळे मान वर करून आकडे वाचत उभे. जणू कालच मोजायला शिकलेत!"

मावशीला नोकरीत पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी जहाज कंपन्यांच्या संघाकडून पत्र आलं. दोघांसाठी एक सहल, अकरा दिवसांची, भेट म्हणून. सोबत फॉर्म. त्यावर दोन चौकटी, लहान जहाज किंवा मोठं. एकीत खूण करायची.

झालं! घरात रणधुमाळी.

"लहान," काका म्हणाले. "तिसऱ्या दिवशी कप्तान माझ्या खांद्यावर हात टाकून हिंडेल बघ."

"म्हणूनच नको," मावशी म्हणाली. "मी दिवसभर ऑफिसात बोलते, घरी तुमचं ऐकते. अकरा दिवस मला कुणी ओळखू नये. लहान जहाजावर सकाळी शिंकलं तर दुपारी दीडशे माणसं तब्येत विचारतात."

"बाराशे माणसं! ते जहाज नाही, तरंगता बाजार आहे."

"चौदा लिफ्ट आहेत. तुमचं मन रमेल."

"अगं, सुट्टीतही लिफ्टच बघू होय मी? तू सुट्टीत जहाजं बघायला निघालीस म्हणून?"

त्यांनी घरातल्या बैठकीच्या खोलीतही निळ्या पट्टीचा चौकोन आखला. सराव म्हणून. मावशी मुद्दाम त्याच्या बाहेरून वळसा घालून स्वयंपाकघरात जायची. असे दीड-दोन महिने गेले. दोघांना वाद संपवायचाच नव्हता, फॉर्म पंख्याखाली फडफडत पडला होता.

तेव्हा काकांचा आवाज बसला. आधी आम्ही हसलो. मी म्हटलं, "काका, तुमची नक्कल करायची तर आता मला सर्दी व्हायला हवी." मग तो बसलेला आवाज उठेना. तपासण्या झाल्या. स्वरयंत्रात गाठ होती, आणि ती काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी काकांनी दुपारभर फोन केले. एकालाही खरं सांगितलं नाही. "सहज केला रे. काय म्हणतोस?" एवढंच. मावशी शेजारी बसून नंबर लावून देत होती.

ऑपरेशननंतर ते घरी आले. गळ्यावर लहानसं भोक, त्यावर पांढऱ्या जाळीचा रुमाल. बोलण्यासाठी एक यंत्र मिळालं होतं, मानेला लावायचं. त्यांनी एकदाच लावलं. त्यातून सपाट, एका पट्टीतला आवाज आला. काकांनी यंत्र खाली ठेवलं, वही ओढली आणि लिहिलं, "लिफ्टसारखा. दार बंद होत आहे." वाचून आम्ही हसलो, तेही हसले, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. मग यंत्र खणात गेलं ते गेलंच. मीही त्यांची नक्कल करणं सोडलं. घरात तो आवाज आता फक्त माझ्याकडे होता आणि तो बाहेर काढायची मला भीती वाटायची.

काम सुटलं. अडकलेल्याला बोलतं कसं करणार? मित्र आले, दहा मिनिटं बसले, त्यांच्या लिहिण्याकडे चुळबुळत बघत राहिले, गेले. दुसऱ्यांदा निम्मेच आले. तिसऱ्यांदा काकांनीच दार लावून घेतलं. मावशीला एकच घोर लागला होता : हा माणूस पुन्हा माणसांत बसेल की नाही? ती म्हणायची, "जेवणाविना राहिले असते हो, पण हे असं..." आणि वाक्य सोडून द्यायची. सहलीकडे ती आता सहल म्हणून बघत नव्हती. ते तिला शेवटचं औषध वाटत होतं. संघानं मुदत वाढवून दिली होती, तीही संपत आली. फॉर्म दुसऱ्या दिवशी पोचवायला हवा होता.

सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत तिनं टेबलावर फॉर्म ठेवला. काका चहा पीत होते. मी समोर होते.

"बोला," ती म्हणाली. तिच्या तोंडून अजून हाच शब्द निघायचा.

काकांनी वही घेतली. सावकाश लिहिलं. "मोठं. चौदा लिफ्ट."

मावशीनं वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. दोन महिने लहान जहाजाचा हट्ट धरलेला माणूस तिच्यासाठी आपला हट्ट सोडत होता, असंच तिला वाटलं. मलाही तेच वाटलं. ती म्हणाली, "पुरे झाला मोठेपणा. मला कळत नाही होय? तुम्हाला ओळखणारी माणसं हवीत. तिसऱ्या दिवशी न बोलताही सगळे ओळखतील तुम्हाला." तिनं लहान जहाजाच्या चौकटीत खूण केली, फॉर्म पर्समध्ये टाकला, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घालून निघाली. काकांच्या हातात पेन तसंच होतं. ते वहीवर वाकून अजून काहीतरी लिहीत होते. मग त्यांनी वही मिटली आणि मला खुणेनं साखर मागितली.

सहलीचं सगळं मला नंतर मावशीकडून कळलं. ती नकला करत नाही, सपाट सांगते, पण कान तिचाही तिखट आहे.

पहिल्या संध्याकाळी जेवणघरात दोघं बसली. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी काकांना काही विचारलं, काकांनी गळ्याकडे बोट दाखवून वही काढली. बाई मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "जे-व-ण आ-व-ड-लं का?" काकांनी लिहिलं, "मला ऐकू येतं." बाईंनी ते वाचलं, मान डोलावली आणि आणखी मोठ्यानं म्हणाल्या, "अ-रे वा!"

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळ्यांना सगळं माहीत झालेलं. मावशीचा अंदाज चुकला नव्हता. काकांना खरोखरच तिसऱ्या दिवशी सगळे ओळखत होते. कप्तानानं खांद्यावर हात टाकला, पण तो हात कसा असतो माहीत आहे ना? सांत्वनाला आलेल्या माणसाचा. वाढपी त्यांच्या पुढ्यात न मागता गरम सूप आणून ठेवायचा, त्यामुळे बोट दाखवून मागायचीही सोय उरली नाही. एका गृहस्थांनी आपल्या मेहुण्याचा असाच आजार कसा बरा झाला ते चार जेवणं पुरवून सांगितलं. सगळी भली माणसं. कुणाबद्दल तक्रार करावी असं एकही नाही. त्यानं तर जास्तच वाईट.

चौथ्या दिवसापासून काका खोलीतच जेवू लागले. वहीत लिहायचे, "छान आहे. तू जा." मावशी जायची, टेबलावर बसायची, लोक विचारायचे, "कसे आहेत आज?" दीडशे माणसांत रोज हाच प्रश्न. काकांचे विनोद सांगून बघितले तिनं, पण तिला शेवट नीट जमेना. चालू लिफ्टचा विनोद तिनं सांगितला तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांनी मान तिरकी करून करुणेनं ऐकला.

"आणि गंमत सांगू?" ती मला म्हणाली होती. "दुपारी हे खोलीत नसायचे. शोधायला जावं तर लिफ्टमध्ये. नुसते उभे, वर खाली, वर खाली. म्हटलं, सवय जाते का? पण तिथंही ती मुख्याध्यापिका घुसायची आणि ओरडायची, न-म-स्का-र! लहान जहाजावर लोक लिफ्टमध्येसुद्धा बोलतात गं."

हे सांगताना ती हसली होती. मीही.

पुढच्या वर्षी काकांचा आजार परत आला, आणि त्या खेपेला काढून टाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते गेले. त्यांना पोचवायला इतकी माणसं आली की रस्ता भरला. बरीचशी अशी, ज्यांना त्यांनी कधीतरी लिफ्टमधून सोडवलं होतं.

मागे एकोणीस वह्या राहिल्या. शाळेच्या, दोनशे पानी. त्यांत संभाषणं होती, पण अर्धीच. काकांची वाक्यं लिहिलेली, मावशीची तिनं तोंडी बोललेली, म्हणून कुठंच नाहीत. "नको, आंबट आहे." "कोण म्हणालं?" "तुझी बहीण? मग बरोबर!" एका रविवारी दुपारी मी गेले तर मावशी बैठकीच्या खोलीत, त्या निळ्या चौकोनाच्या आत, खाली बसली होती. वह्या पुढ्यात.

"पोपट," ती म्हणाली, "माझं माझ्या लक्षात आहे. त्यांचं तू वाच. त्यांच्या आवाजात."

"मावशी, नको."

"वाच गं."

मी दोनदा खाकरले. आवाज निघाला. इतके दिवस न वापरताही तो जसाच्या तसा होता, पत्र्याच्या डब्यात खडे. मावशीनं डोळे मिटून घेतले. मी काकांचं एक वाक्य वाचायचे, ती आपलं म्हणायची. कुठं अडली तर मी थांबायचे, मग तिला आठवायचं. पडद्यांच्या रंगावरून भांडलो आम्ही. माझ्या आईची यथेच्छ निंदा केली. एकदा तर ती खरंच चिडली आणि मला म्हणाली, "तुमचं नेहमीचंच आहे हे!" तास दीड तास घरात ती दोघं होती.

मग ते पान आलं.

"मोठं. चौदा लिफ्ट," मी काकांच्या आवाजात वाचलं.

"पुरे झाला मोठेपणा," मावशी म्हणाली. "मला कळत नाही होय? तुम्हाला ओळखणारी माणसं हवीत. तिसऱ्या दिवशी न बोलताही सगळे ओळखतील तुम्हाला."

तिच्या लेखी संभाषण इथं संपलं होतं. ती पुढच्या पानाची वाट बघत होती. पण याच पानावर खाली आणखी एक ओळ होती. घाईत लिहिलेली, तिरकी, शेवटची अक्षरं एकमेकांवर चढलेली. मी आवाज न बदलता वाचून टाकली. वाचून झाल्यावर कळलं की वाचायला नको होती.

"लिफ्टमध्ये सगळेच गप्प असतात. तिथं मी इतरांसारखा दिसेन."

मावशीनं डोळे उघडले. वही माझ्या हातातून घेतली. ती ओळ बोटानं हळूहळू चाचपली, जणू शाई ओली असावी. मी वाट बघत होते की ती काहीतरी म्हणेल. पण या ओळीवर तिनं तेव्हा काही म्हटलंच नव्हतं, मग आता काय म्हणणार? ती तर तोवर चपला घालून जिना उतरली होती.

वही मिटून ती एवढंच म्हणाली, "परक्यांसाठी थांबले मी. पंचवीस वर्षं."

मावशी अजून त्याच टेबलावर आहे. मालक आमच्या ओळखीचे, परवा भेटले तर कुरकुरत होते. "म्हणजे कसं आहे, तुमच्या मावशी कामाला चोखच. पण हल्ली एकेका गिऱ्हाइकाला दीड दीड तास. लोक घड्याळं बघतात हो."

मी सुट्टीत जाऊन बसले पार्टिशनपलीकडे. एक जोडपं आलं होतं, नवरा बांधकाम ठेकेदार, अंगानं आडवा, बायको बारीक. मावशीनं त्यांना विचारलं, लहान की मोठं.

"लहान," ठेकेदार म्हणाला.

मावशी गप्प. पेन खाली, हात मांडीवर.

"लहानच. आम्हाला लहान आवडेल."

मावशी गप्प.

बायको म्हणाली, "बाई, सांगितलं ना त्यांनी. लहान."

"थांबा," मावशी हळूच म्हणाली. "त्यांचं अजून व्हायचंय."

ठेकेदारानं बायकोकडे बघितलं, मग खाली निळ्या पट्टीकडे. "नाही हो," तो म्हणाला, "माझं झालं." आणि त्याचं खरंच झालं होतं. एवढा ऐकायचा सराव आहे मला, त्याच्या आवाजात मागं काहीच उरलं नव्हतं. त्याला लहान जहाजच हवं होतं.

मावशी तरीही त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.